विकास आराखड्यावरची हरकत: डोंगर, ओढा आणि देवराई नकाशावर कशी टिकवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाची काही वर्षांपूर्वी नगरपंचायत झाली. आता विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झालाय. गावामागच्या डोंगराचा उतार त्यात निवासी विभागात आहे, एक ओढा नकाशावर दिसतच नाही आणि १८ मीटर रुंदीचा रस्ता देवराईतून काढलाय. नोटिशीत हरकतींसाठी ३० दिवस दिलेत. बहुतेकांचं म्हणणं, सह्यांची मोहीम काढावी. विचारणाऱ्या ताईंना हवं आहे ते एवढंच: अशा हरकतींनी खरंच काही बदलतं का, आणि त्या घ्यायच्या कशा? शेवटी त्यांनी पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचाही उल्लेख केलाय.

बदलतं. पण ते सह्यांच्या गठ्ठ्याने क्वचित बदलतं, गट नंबरने बदलतं.

हजारो लोकांनी सही केलेलं एक निवेदन कार्यालयात बहुधा एकच हरकत म्हणून नोंदलं जातं. त्यात ‘आमचा निसर्ग वाचवा’ एवढंच लिहिलेलं असेल तर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला त्यावर करण्यासारखं काही नसतं. समितीपुढे तक्ता असतो: हरकतदाराचं नाव, गट क्रमांक, हरकतीचा मुद्दा, शिफारस. शेवटच्या रकान्यात ‘मान्य’ लिहायचं तर नकाशावरची कोणती रेषा पुसायची आणि कोणती ओढायची हे तिला कळावं लागतं. सह्या जमवा, जरूर जमवा. नगरसेवकांवर आणि आमदारांवर त्याचा परिणाम होतो. फक्त ते काम वेगळं आहे आणि हरकतीचं काम वेगळं, हे गावाच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाका. नाहीतर तीसही दिवस सह्यांत जातात आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी घाईघाईत एक कागद लिहून खिडकीत देतो.

आता तुम्ही या प्रक्रियेत नेमक्या कुठे उभ्या आहात ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आपला कायदा. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो आणि तेव्हाही हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यानंतर कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, म्हणजे आज जमिनीवर काय आहे त्याची नोंद. मग प्रारूप आराखडा, म्हणजे मसुदा, बनतो, कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, कलम २८ खाली सुनावणी होते, कलम ३० खाली तो शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. लोक जागे होतात ते २६ ला. इराद्याची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार बोटांच्या चौकटीत येऊन गेलेली असते, ती कुणी वाचलेली नसते. तुमचा ओढा गेला तो प्रारूपात नव्हे. तो त्याच्या आधीच, विद्यमान जमीन वापराच्या नकाशात हरवला. सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सीने उपग्रहाचं चित्र उन्हाळ्यातलं घेतलं, ओढा कोरडा होता, कडेच्या झाडीमुळे दिसला नाही, आणि तिथे ‘पडीक’ असा रंग भरला गेला. एकदा पडीक पडलं की पुढच्या माणसाला तिथे घरं दाखवायला काहीच अडचण वाटत नाही. त्याने तुमचं गाव पाहिलेलं नसतं, तो रंग पाहत असतो.

मुंबईच्या २०१४-३४ च्या आराखड्यात हे साऱ्या राज्याने पाहिलं. महापालिकेने २०१२ च्या अखेरीस विद्यमान जमीन वापराचे नकाशे लोकांसमोर ठेवले. कायदा तशी सक्ती करत नाही, तरी ठेवले, हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवं. नागरी संघटनांनी वॉर्डावॉर्डांत बसून ते तपासले तेव्हा गावठाणं, कोळीवाडे, आदिवासी पाडे कुठे चुकीचे दाखवलेले आणि कुठे दाखवलेलेच नाहीत, असं निघालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं. त्यात आरे वसाहतीचा हिरवा पट्टा विकासाला मोकळा केलेला होता, उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. ओरड झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. माझं मत असं की २०१५ च्या ओरडीला जे वजन आलं ते आधीच्या दोन वर्षांच्या कंटाळवाण्या नकाशावाचनामुळे. कुठल्या पानावर काय चुकलंय हे लोकांना तोंडपाठ होतं. अर्थात आरेचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली दोन हजारांवर झाडं तोडली गेलीच.

तुमच्याकडे दोन वर्षं नाहीत, तीस दिवस आहेत. म्हणून हा नकाशा उलट बाजूने पकडायचा. उद्याच नगरपंचायतीत जाऊन प्रारूप आराखड्याची प्रत, त्यासोबतचा अहवाल आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा मागा. प्रारूपाच्या प्रती विकत मिळण्याची सोय ठेवणं नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे इथे नगरपंचायतीवर, बंधनकारक आहे. ‘भिंतीवर लावलाय, बघा’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून गट नंबर वाचता येत नाहीत.

मग एकेका जागेचं कागदपत्र गोळा करायचं. ओढ्यापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि बहुतेक वेळा जिंकता येतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि ओढा ज्या गटांतून जातो त्यांचे गट नकाशे काढा. जुन्या मोजणीत ओढे-नाले बहुधा दाखवलेले असतात. त्याच गटांचे सातबारा काढून ‘पोटखराब’ बघा. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, तळं, स्मशान अशा सार्वजनिक कामाखालची. ओढ्याच्या दोन्ही काठांच्या गटांत ओळीने ‘ब’ वर्गाखाली क्षेत्र निघालं तर तुमचा अर्धा खटला तिथेच उभा राहिला, कारण महसूल खात्यानेच ते पाणी मान्य केलेलं आहे. त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशातली निळी रेषा जोडा. आणि शेवटी फोटो, पण पावसाळ्यातला, तारखेसकट, आणि मोरीवर उभं राहून काढलेला, म्हणजे जागा कोणती याबद्दल वाद होत नाही. गावात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असा एखादा पुराचा व्हिडिओ असतोच. लग्नाच्या फोटोंमागे शोधावा लागतो.

हरकतीचा मजकूर मग असा होतो (नंबर नमुन्यादाखल): ‘गट क्र. १४१, १४२ व १४७ मधून वाहणारा ओढा विद्यमान जमीन वापर नकाशात व प्रारूप आराखड्यात दर्शवलेला नाही. गाव नकाशात तो दर्शवलेला असून तिन्ही गटांच्या अधिकार अभिलेखात पोटखराब वर्ग ब खाली क्षेत्र नोंदलेले आहे. प्रती जोडल्या आहेत. सबब सदर ओढा आराखड्यात जलप्रवाह म्हणून दर्शवावा, त्याच्या दोन्ही काठांना नियमावलीनुसार अंतर सोडून हरित पट्टा दाखवावा आणि त्या मर्यादेत निवासी विभाग वगळावा.’ एवढंच. पर्यावरणाचं महत्त्व, पुढच्या पिढ्या, नदीमाय यांतलं काहीही नको. ‘सबब’ नंतरचं वाक्य समितीला जसंच्या तसं शिफारशीच्या रकान्यात उतरवता आलं पाहिजे. ते तिला स्वतःच्या शब्दांत लिहावं लागलं तर ती लिहिणार नाही.

डोंगराला थोडं गणित लागतं. आपल्याकडच्या विकास नियंत्रण नियमांत डोंगरमाथा आणि डोंगरउतार विभागाला १:५ ही कसोटी आहे: पाच मीटर पुढे जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर तिथे बांधकाम नको. हे तपासायला मोजणीदार लागत नाही. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. १:५ चढावर २० मीटर वर जायला १०० मीटर आडवं अंतर लागतं, आणि १०० मीटर म्हणजे त्या नकाशावर २ मिलिमीटर. दोन रेषांमधली फट २ मिलिमीटरहून कमी असेल, तिथे उतार कसोटीच्या वर गेला. शाळेतली पट्टी घेऊन गावातल्या दहावीच्या पोरांनी हे एका दुपारी करता येतं. नकाशावर तो भाग तिरप्या रेघांनी भरा, त्यावर प्रारूपातला निवासी विभागाचा पिवळा रंग ठेवा, आणि जिथे दोन्ही एकावर एक येतात ते गट नंबर हरकतीत लिहा. हा पुरावा ढोबळ आहे, हेही लिहा आणि अधिकृत उतार विश्लेषण करून घेण्याची मागणी करा. समितीला तेवढं पुरतं, कारण नियमाशी विसंगत असलेला विभाग तिने ठेवला तर ती अडचण तिची होते.

देवराईला कागद शोधणं जास्त किचकट. काही ठिकाणी ती देवाच्या नावावर असते, देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणून. मग गाव नमुना ३, दुमाला जमिनींची नोंदवही, बघा. काही ठिकाणी ती वन खात्याकडे किंवा सरकारकडे गेलेली असते आणि गावाला ते माहीतही नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ खाली ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाची नोंद असते, त्यात वाट, पाणी, मासेमारी यांवरचे गावाचे रूढ हक्क लिहिलेले असतात. विदर्भात ती आणि निस्तारपत्रक (गावाच्या चराई-लाकूडफाट्याच्या हक्कांची नोंद) नेमाने सापडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ती मागितल्यावर तलाठी तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतो. तरी मागा. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ खाली गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ गावांत ती कुणीतरी बाहेरच्याने घाईत भरलेली असते, ‘चिमणी, कावळा, वड, पिंपळ’ छापाची. पण तुमच्या नोंदवहीत देवराईचं नाव आणि तिथल्या झाडांची यादी असेल तर ती सरकारी कागदावरची नोंद आहे, तिची पान क्रमांकासह प्रत लावा.

आणि रस्ता. ‘देवराईतून रस्ता नको’ म्हटलं की समितीतला कुणीतरी पहिला प्रश्न विचारणार: मग कुठून न्यायचा? त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर हरकत पडली असं समजा. पर्यायी आखणी नकाशावर काढून द्या, ती कोणाच्या गटांतून जाते ते लिहा, आणि देण्याआधी त्या लोकांशी बोला. हे शेवटचं फार जण टाळतात. मग सुनावणीच्या दिवशी शेजारच्या बाकावर त्या गटांचे मालक तुमच्याविरुद्ध बसलेले असतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या आराखड्यांत निवासी, शेती, हरित, औद्योगिक असे विभाग असतात. एखाद्या परिसराचं रूप, म्हणजे माथ्यावरून दिसणारं खोरं, पायवाटा, पाणवठ्याभोवतीची मोकळी जागा हे सगळं मिळून जे होतं, त्याला बहुतेक आराखड्यांत स्वतंत्र घर नाही. काही अपवाद आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या २००१ च्या आणि माथेरानच्या २००३ च्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांत धबधबे, झरे, घळी, राया, गुहा, पॉइंट आणि वाटाही नैसर्गिक वारसा म्हणून जपायला सांगितल्या आहेत. बाकी महाराष्ट्रात तुम्हाला ते रूप तोडून उतार, पाणी, झाडी, वहिवाट अशा तुकड्यांत मांडावं लागतं, कारण नियमांना तेवढंच समजतं. मला हे आवडत नाही, पण हरकत ही तक्रार करण्याची जागा नाही.

आता सर्वांत अवघड भाग, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. डोंगर कोणाचा आहे?

पुण्यात १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आलं. ते टिकावं म्हणून नागरिकांनी जोर लावला, हरकती आणि सूचना दिल्या, मोहिमा काढल्या, आणि तो महाराष्ट्रातल्या नागरी सहभागाचा एक मोठा विजय मानला जातो. मानायलाच हवा, ती टेकडी आज हिरवी दिसते ती त्यामुळे. पण शासनाने मोबदल्याचा प्रश्न २०१५ मध्ये निकाली काढताना जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला. सुमारे ९७८ हेक्टर जमिनीचा हा प्रश्न. मालकांना तो मोबदला अगदीच तुटपुंजा वाटला, जमिनी ताब्यात येण्याचं काम रखडलं आणि टेकड्यांच्या पायथ्याने अनधिकृत बांधकामं चढत राहिली. कागदावर आरक्षण आणि जमिनीवर गुंठेवारी, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी झाली.

तुमच्या गावातही डोंगराच्या उतारावर कुणाचे तरी दोन-चार एकर असतील. त्याने वर्षानुवर्षं नाचणी-वरई केली, पोरगा शहरात गेला, आणि आता पहिल्यांदा त्या खडकाळ जमिनीला भाव येतोय. जमीन ‘यलोत’ आली म्हणून त्याने पेढे वाटलेले असतात. त्याच्याकडून तुम्ही, म्हणजे ज्यांची जमीन खाली सपाटीला आहे आणि आधीच पिवळ्या पट्ट्यात गेलेली आहे त्यांनी, डोंगर जपण्याची अपेक्षा करणार. तो विचारेल की तुमच्या जमिनीवर झाडं लावा ना. त्याचं बरोबर आहे. म्हणून पहिली बैठक देवळात पर्यावरणप्रेमींची घेऊ नका, त्या उताराच्या खातेदारांची घ्या. त्यांच्यासाठी हरकतीतच काही मागता येतं: उतार वगळून त्याच गटातल्या सपाट भागावर बांधकामाची मुभा, हस्तांतरणीय विकास हक्काचा वाजवी दर, शेतघराची परवानगी कायम. सगळं मिळणार नाही. पण मालकाची सही असलेली ‘माझ्या गटाचा हा भाग निवासीतून काढा, त्या बदल्यात हे द्या’ अशी एक हरकत बाहेरच्यांच्या शंभर हरकतींना भारी पडते. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. समितीला मालकाच्या विरोधाची धास्ती असते, आणि ती या एका कागदाने जाते.

सुनावणीचं थोडक्यात सांगतो. नियोजन समितीत प्राधिकरणाचे तीन सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरण जाणणाऱ्या, बाहेरून नेमलेल्या, जास्तीत जास्त चार व्यक्ती. हरकती खूप असल्या की गटागटाने बोलावतात आणि प्रत्येकाला मिनिटं मिळतात, तास नाही. एकाने ओढ्यावर बोलावं, एकाने उतारावर, एकाने रस्त्यावर. भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला घरी ठेवा. गावातली एखादी वयस्क बाई, जी त्या ओढ्यावर धुणं धुते आणि कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं ते बोट ठेवून दाखवते, तिला न्या. समितीतल्या बाहेरच्या जाणकारांकडे बघून बोला. नकाशावर प्रश्न विचारायची शक्यता त्यांच्याकडून जास्त असते. बोललेलं सगळं एका पानावर लेखी द्या आणि पोच घ्या. समितीचा अहवाल झाल्यावर तो सर्वसाधारण सभेपुढे जातो, किंवा प्रशासक असेल तर एका अधिकाऱ्यापुढे. तिथे समितीची शिफारस फिरवली जाऊ शकते, त्यामुळे त्या सभेची तारीख कळण्याची सोय ठेवा. पुढे शासन मंजुरी देताना सारभूत स्वरूपाचे बदल सुचवतं तेव्हा त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. नगररचना कार्यालयात त्याला ‘ईपी’ म्हणतात, वगळलेला भाग. पुष्कळ गावांना वाटतं की आपलं काम झालं, आणि नेमका त्यांचा डोंगर ईपीत बसलेला असतो.

मंजुरीनंतर काय होतं, यासाठी गोव्याकडे बघा. भूमीच्या नियोजनात आपल्या भागातले लोक सर्वांत खोलवर उतरले ते तिथे.

ऑगस्ट २००६ मध्ये गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. डोंगरउतार आणि शेतं मोठ्या प्रमाणावर वसाहतींखाली दाखवलेली पाहून लोक खवळले. डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं, पणजीच्या आझाद मैदानावर सभा झाली, आणि जानेवारी २००७ च्या अखेरीस सरकारला आराखडा मागे घेत असल्याचं जाहीर करावं लागलं. एवढी गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या पुढचा भाग मोलाचा वाटतो. नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं गेलं, मुख्यमंत्री अध्यक्ष आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष. राज्याचा एक नकाशा करून हरकती मागवण्याऐवजी गावागावाचे नकाशे सर्व्हे नंबरांसह पंचायतींकडे पाठवले गेले, आणि गाव समित्यांनी ते घेऊन गाव पालथं घातलं.

याने काय फरक पडला ते खाजनावरून कळतं. खाडीचं खारं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी भरती-ओहोटी सांभाळायची आणि आत खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगूट भात घ्यायचं, अशी ही शतकांची शेती. एका ठिकाणी बांध फुटला तर मागचं सगळं खाजन खारट होतं. दोन-चार वर्षं पेरलं नाही तर वरून घेतलेल्या चित्रात ते दलदल किंवा पडीक दिसतं. बांध कुठला, मानस कोणाची, पाणी कुठून आत येतं हे त्या गावच्या कुळांनाच ठाऊक. गावाने नकाशा हातात घेतला म्हणून अशा जागांना नाव मिळालं, आणि आराखड्यात वनं, खारफुटी, जलस्रोत यांच्या जोडीने भातशेती आणि खाजनं सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या पर्यावरण विभागात बसली. तालुक्यातालुक्याने हा प्रादेशिक आराखडा २०२१ अधिसूचित होत २०११ साल उजाडलं.

२०१२ मध्ये सरकार बदललं आणि आराखडा स्थगित झाला. काही वर्षांनी तो पुन्हा अमलात आला, पण मग तो उसवायची रीत बदलली. संपूर्ण आराखड्याला हात लावला की लोक रस्त्यावर येतात हे सर्वांना कळून चुकलं होतं. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. वाचायला निरुपद्रवी. त्याखाली मालकाच्या अर्जावर एकेक सर्व्हे नंबर शेतीतून आणि बागायतीतून वस्तीत जाऊ लागला, लोकांच्या हरकती न मागवता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तोवर, २०२४ मध्ये, कलम ३९अ आलेलं होतं. त्यात हरकतींसाठी ३० दिवस आहेत, पण बदल पुन्हा तुकड्यातुकड्याचाच. ज्या गावांत २००८ च्या समितीचे लोक अजून एकमेकांच्या संपर्कात आहेत आणि जुने नकाशे ज्यांनी जपून ठेवलेत, तिथे असा अर्ज आला की दोन दिवसांत ग्रामसभेत प्रश्न येतो. बाकीच्या गावांना डोंगरावर जेसीबी चढल्यावर कळतं.

आपल्याकडे हेच दार कलम ३७ चं आहे, मंजूर आराखड्यातल्या किरकोळ फेरबदलांचं. राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत नोटीस येते, महिनाभर हरकती घेता येतात, आणि बहुतेक नोटिशींना एकही हरकत येत नाही. प्रादेशिक योजनेच्या फेरबदलांसाठी कलम २० आहे. गावातल्या दोघांना हे काम लावून द्या की दर आठवड्याला या नोटिसा बघायच्या. कंटाळवाणं आहे, म्हणून दोघं. एक सोडून गेला तर दुसरा राहतो.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा उल्लेख तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आहे, म्हणून दोन शब्द. केंद्राने २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत त्याचा मसुदा सहा वेळा काढला, हरकतींना दर वेळी ६० दिवस. गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात ग्रामसभांपर्यंत जाऊन ठरवा असं म्हटलं होतं, आणि सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आम्हाला यात घ्या असे ठरावही केले होते. नंतरच्या मसुद्यांत गावांच्या हाती आली ती यादी. आपलं नाव यादीत आहे आणि काय बंद होणार ते कुणी सांगत नाही, म्हटल्यावर ‘घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत’ ही अफवा पसरायला किती वेळ लागतो? मसुद्याचा रोख खाणी, दगड-वाळूचा उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि मोठी बांधकामं यांच्यावर आहे. तुमचं गाव त्या यादीत असेल तर मसुदा मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच एक ग्रामसभा मागा किंवा नगरपंचायतीची सभा घ्या, आणि ठराव त्यानंतर करा. आराखड्याच्या हरकतीत त्या मसुद्याचा आधार घेता येतो, पण एकट्या त्यावर विसंबू नका. मसुदा म्हणजे अधिसूचना नव्हे.

राहिलेल्या दिवसांत माझ्या मते क्रम असा ठेवा: आधी भूमी अभिलेख, कारण तिथून नकला मिळायला वेळ लागतो, ते अर्ज पडल्यावर उताराच्या खातेदारांची बैठक, मग पट्टी घेऊन नकाशा, आणि मुदत संपण्याच्या निदान पाच दिवस आधी प्रत्येक जागेची वेगळी हरकत, वेगळ्या नावाने, जोडपत्रांसह. एका कागदात ओढा, डोंगर आणि देवराई एकत्र घालू नका; एक मुद्दा अमान्य झाला की सगळा कागद अमान्यात जातो. नकला वेळेत मिळाल्या नाहीत तर ‘अर्ज केला आहे, प्रत सुनावणीच्या वेळी सादर करू’ असं लिहून अर्जाची पोच जोडा. प्रत्येक हरकतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आणि पत्ता अशा माणसाचा घाला जो पुढचं वर्षभर गावातच असणार आहे, कारण सुनावणीचं पत्र पुष्कळदा तारखेच्या दोन-चार दिवस आधी पोचतं.